सगळी आवराआवर

"आता तरी चालावं."

ही कुणाची प्रार्थना नव्हे. चांगल्या शिकलेल्या, भरपूर पगार घेणाऱ्या एका माणसाने आपल्या कामासोबत लिहिलेली ही ओळ आहे. कोडमध्ये काहीही बदललं की त्याच्याबरोबर एक ओळ लिहायची असते: काय बदललं आणि का. त्या ओळी कॉम्प्युटर कायमच्या जपून ठेवतो, आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडते तेव्हा त्यांतूनच गिऱ्हाइकासाठी चेंजलॉग तयार होतो. म्हणजे या खेपेला आम्ही तुमच्याकडे काय काय बदललंय, बघून घ्या बाबांनो. इतकं साधं काम. पण ते करायचं म्हणजे या लोकांच्या जिवावर यायचं. "आता तरी चालावं." त्याखाली, "नाही चाललं." त्याखाली, "बघू." आणि एका महाभागाने तर नुसतं एक टिंब ठेवलं होतं.

ते टिंब पाहिलं त्या दिवशी नोंदबाईचं टाळकंच फिरलं.

नोंदबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे, चेंजलॉगचं काम तिच्याकडे म्हणून ऑफिसने ठेवलेलं. तिच्यासमोर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. कंपनीचं सॉफ्टवेअर रुग्णालयांच्या औषध विभागात चालायचं. रुग्ण निवडा, औषध निवडा, किती पॉवरची गोळी ते निवडा, की पाकिटावर चिकटवायचं लेबल छापून बाहेर. आता अशा ठिकाणी काही बदललं तर ते समोरच्याला सांगायला नको? या साध्या प्रश्नावर नोंदबाईने इतकी वर्षं घसा कोरडा केला होता. लोक मान डोलवायचे आणि जागेवर जाऊन "बघू" लिहायचे.

तेव्हा टिंबानंतर तिने फाटक बसवलं. फाटक म्हणजे एक छोटा प्रोग्राम. कुणीही आपला बदल आत ढकलायला आला की हे फाटक त्याला अडवायचं आणि प्रश्न विचारायचं. कोणत्या स्क्रीनवर परिणाम होईल? वापरणाऱ्याला काय वेगळं दिसेल? आधी काय दिसत होतं? हे का केलं, किमान दोन वाक्यांत सांगा. असे एकूण सात. उत्तर आखूड झालं की लाल अक्षरांत "उत्तर अपुरे आहे" म्हणून परत पाठवायचं. एकच पळवाट तिने ठेवली होती, तीही विचार करून. फायलीचं नाव बदललं, रिकाम्या ओळी काढल्या, असलं घरातलं झाडलोटीचं काम असेल तर सुरुवातीला "आवराआवर" लिहायचं. मग प्रश्न नाहीत आणि चेंजलॉगमध्ये नोंदही नाही. रुग्णालयातल्या बाईला आमच्या रिकाम्या ओळींशी काय देणंघेणं?

आणि काय सांगावं, जादू झाली. टिंबं गेली, "बघू" गेलं. चेंजलॉग कसा सुटसुटीत झाला, मोजक्या ओळी, स्वच्छ भाषा. मालकांनी भर मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं. नोंदबाईला आपल्या लॉगचा इतका अभिमान वाटू लागला की कुणी काही विचारलं की ती एकच सांगायची, "लॉगमध्ये नाही ना? मग ते झालंच नाही."

त्यामुळे एका रुग्णालयाकडून मेल आला तेव्हा तिला उत्तर द्यायला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही. मेलमध्ये विचारलं होतं, मागच्या आवृत्तीत औषध निवडण्याच्या स्क्रीनमध्ये काही बदल केला आहे का? एका अंतर्गत चौकशीसाठी हवं आहे. नोंदबाईने लॉग उघडला, वरून खाली वाचला आणि लिहून टाकलं, "सदर स्क्रीनमध्ये कोणताही बदल करण्यात आलेला नाही." खाली नाव, हुद्दा. रुग्णालय ओळखीचं होतं, तिची नणंद तिथेच औषध विभागात कामाला होती. पण चौकशी कुणाची, ते मेलमध्ये नव्हतं आणि हिच्या डोक्यातही आलं नाही.

त्याच संध्याकाळी नणंद घरी आली. चाळिशी उलटली, कानशिलं पिकली, तरी घरात तिला बेबीच म्हणतात. एरवी बेबी आली की दारातूनच आवाज सुरू. त्या दिवशी आली ती पर्स मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला बसली, पाहुण्यासारखी. भावाने विचारलं, "काय गं, तोंड का उतरलंय?" तेवढं निमित्त पुरलं.

"माझी नोकरी जातेय, दादा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रक्तदाबाच्या गोळ्या नेहमी घेणारे एक आजोबा. बेबीने त्यांचं नाव घातलं, औषध घातलं, आणि रोज शंभर वेळा दाबते तसं एंटर दाबलं. लेबल छापून आलं ते दुप्पट पॉवरचं, आणि पाकीटही त्याच पॉवरचं भरलं गेलं. नशीब की वॉर्डातल्या नर्सच्या लक्षात आलं, गोळी आजोबांच्या पोटात गेली नाही. पण चौकशी लागली. उद्या दुपारी समितीसमोर उभं राहायचं होतं.

"मी त्यांना सांगतेय की स्क्रीनवर काहीतरी बदललंय. आधी त्या माणसाला मागे दिलेली पॉवर सगळ्यात वर यायची. म्हणून तर आम्ही सगळ्या डोळे झाकून एंटर दाबतो. आता भलतंच काहीतरी वर येतं. पण कोण ऐकतंय? तुमच्या कंपनीनं लेखी दिलंय म्हणे, काहीही बदललेलं नाही."

तो मेल नोंदबाईला आठवला. पण माणसाचा स्वभाव असा की आतून शंका आली तरी तोंड आपलंच खरं करतं. ती म्हणाली, "ते मीच दिलंय. अगं, मी सगळा लॉग वाचला. त्या स्क्रीनला कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

"वहिनी, मी रोज बघते ती स्क्रीन."

"बघतेस, पण दिवसभर उभं राहून माणूस दमतं. तुझं लक्ष नसेल त्या दिवशी. होतं असं. लॉगमध्ये नाही म्हणजे झालेलं नाही, बेबी."

बेबीने तिच्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. भाऊ बिचारा बायको आणि बहीण यांच्यामध्ये सापडलेला. तो टेबलावरचं मीठ उगाच इकडचं तिकडे करत राहिला. बेबी पर्स उचलून निघाली. "जेवून तरी जा," असं नोंदबाई म्हणेपर्यंत ती दाराबाहेर पडली होती.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचली. मनाची समजूत घालायची, बाकी काही नाही, असं स्वतःला बजावून तिने एका कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती लावली आणि शेजारच्यावर नवी. दोन्हीकडे तोच खोटा रुग्ण, तेच औषध. जुनीत रुग्णाला मागे दिलेली पॉवर सर्वात वर. नवीत ज्या गोळीचा साठा जास्त ती सर्वात वर. तिने पुन्हा करून पाहिलं. दुसरं औषध घालून पाहिलं. तेच.

"अरे देवा," ती मोठ्याने म्हणाली.

मग तिने लॉग नव्हे, लॉगच्या मागची मूळ यादी उघडली, ज्यात एकूण एक बदल असतो. फाटक बसवल्यापासून ती यादी तिने उघडलीच नव्हती. कशाला उघडेल? लॉग होता ना! आणि समोर आलं ते असं. आवराआवर: बटण हलवलं. आवराआवर: गणित सुधारलं. आवराआवर: छपाई बंद पडत होती ती सुरू केली. आवराआवर, आवराआवर, आवराआवर. पान खाली सरकवावं तितकी आवराआवर. एवढी जर खरोखर आवराआवर झाली असती, तर ऑफिस आरशासारखं चकाकायला हवं होतं. आणि त्यातच मध्ये कुठेतरी, "आवराआवर: औषधांची यादी नीट लावली." लिहिणारा झटपट.

झटपट हे टीममधल्या सगळ्यात वेगवान माणसाचं नाव. हेही ऑफिसनेच ठेवलेलं. काम सांगून तुम्ही वळता न वळता तोच तो "झालं" म्हणायचा. तो हातात हेल्मेट घेऊन आत आला तोच नोंदबाईने त्याला गाठला.

"ही आवराआवर आहे?"

झटपटने वाकून पाहिलं. "हो. म्हणजे, यादी नीट लावली. साठा संपत आला तरी मागे दिलेलीच गोळी वर यायची, लोक तीच निवडायचे, मग नाही म्हणून बोंबाबोंब. म्हणून—"

"ही आवराआवर आहे का, एवढंच विचारतेय."

"नाही," तो म्हणाला. "पण ताई, खरं बोलू? तुमच्या फाटकात माणूस एकदा अडकला की त्याचा निम्मा दिवस गेला. दोन ओळींच्या बदलाला सात उत्तरं. त्यातही 'उत्तर अपुरे आहे'. मी एकदा तीनदा लिहिलं, तीनदा परत आलं. मग कुणीतरी सांगितलं, आवराआवर लिही, गुपचूप उघडतं. तेव्हापासून सगळेच लिहितात."

"सगळेच?"

"सगळेच. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं आम्हाला."

काय म्हणावं या माणसांना! आणि काय म्हणावं हिला! इतके दिवस ज्या सुटसुटीत लॉगवर ही फुलून बसली होती, तो सुटसुटीत होता कारण त्यात कुणी काही घालतच नव्हतं. नोंदबाईला झटपटचा गळा धरावासा वाटला आणि त्याच वेळी जमिनीत गाडून घ्यावंसंही वाटलं. दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. ती उठली आणि मालकांच्या खोलीत गेली.

मालकांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते शांत झाले की जास्त भीती वाटायची. "चौकशी कधी आहे?"

"आज दुपारी. मी त्यांना आत्ताच कळवते की—"

"थांब. काही कळवू नकोस." मालकांनी दार लोटून घेतलं. "हे बघ, झटपटची ती जुनी ओळ आहे ना, तीच नीट करायची. आवराआवर काढ, दुरुस्ती लिही, पुढे एक व्यवस्थित वाक्य घाल. तारीख जुनीच राहते ना?"

"राहते."

"लॉग कुठे कागदावर असतो? त्यांच्या स्क्रीनवर कोपऱ्यातलं बटण दाबलं की आपल्याकडूनच दिसतो. मग त्यांना मेल टाक. नजरचुकीने उत्तर चुकलं, नोंद लॉगमध्ये आहे, कृपया पाहावी. झालं. आपण कळवलं होतं, त्यांच्या माणसाने वाचलं नाही."

असं करता येतं हे नोंदबाईला माहीत होतं. मागे लिहिलेलं पुसून नव्याने लिहायचा अधिकार ऑफिसात फक्त तिच्याकडे होता, कारण बाकी सगळ्यांचा तिनेच काढून घेतला होता. दोन मिनिटांचं काम. कंपनी वाचेल. झटपट वाचेल. तिचं फाटक, तिचा लॉग, तिचं नाव, सगळं वाचेल. फक्त समितीसमोर बेबी उभी असेल आणि कुणीतरी तिला ती ओळ दाखवून विचारेल, बाई, लिहिलेलं होतं, वाचलं का नाही?

"त्यांचा माणूस म्हणजे माझी नणंद आहे," ती म्हणाली.

मालक म्हणाले, "मला हे माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं, कालपर्यंत. पण नणंद नसती तरी कुणीतरी असतंच ना."

"मोठं गिऱ्हाईक आहे ते. गेलं तर खापर तुझ्यावर फुटेल, एवढं लक्षात ठेव."

"माझ्यावरच फुटायला हवं," असं म्हणून ती बाहेर आली. आतून ते काहीतरी बोलले, पण तिने वळून पाहिलं नाही.

जागेवर बसून तिने नवी नोंद लिहायला घेतली. जुनीला हात लावायचा नाही, आजच्या तारखेची नवी नोंद करायची, म्हणजे ती सगळ्या रुग्णालयांच्या लॉगमध्ये सर्वात वर दिसेल. तिने लिहिलं आणि आत ढकललं. फाटकाने अडवलं.

वापरणाऱ्याला काय वेगळं दिसेल? तिने लिहिलं, "आज काही नाही. मागेच दिसलं." लाल अक्षरं आली. उत्तर अपुरे आहे. तिने लांबवलं. बदललेल्या फायली कोणत्या? एकही नाही, ही नुसती कबुली आहे, तिला कुठली फाइल असणार! "बदललेली फाइल आढळली नाही. नोंद नाकारली." तिने सगळं पुन्हा भरलं. फाटकाने सगळं पुन्हा नाकारलं. भिंतीवरचं घड्याळ जेवणाच्या सुट्टीच्याही पुढे गेलं होतं. बेबी एव्हाना त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली असेल, पर्स मांडीवर घेऊन.

"मेल्या, उघड की!" नोंदबाई स्क्रीनवर ओरडली. सगळं ऑफिस वळून पाहू लागलं.

झटपट मागे येऊन उभा राहिला होता. तो चाचरत म्हणाला, "ताई, आवराआवर लिहा. लगेच सुटेल."

"आणि लॉगमध्ये येईल का ती?"

"नाही."

"मग कशाला सांगतोस?" पण तिचा आवाज आता चढला नव्हता. हे एवढं तिला पहिल्यांदाच कळत होतं, की खरं बोलायला आलेला माणूस इथे ताटकळतो आणि खोटं बोलणारा आरामात आत जातो. हे तिने स्वतः बसवलं होतं. विचार करून बसवलं होतं.

तिने फाटकाची फाइल उघडली आणि अख्खी उडवली. मग तिने पुन्हा नोंद आत ढकलली, आणि ती मुकाट्याने गेली.

"दुरुस्ती: मागच्या आवृत्तीत औषध निवडण्याच्या यादीचा क्रम बदलला. रुग्णाला आधी दिलेली पॉवर पूर्वी सर्वात वर येत असे, आता येत नाही. कृपया प्रत्येक वेळी पॉवर पाहूनच निवडावी. हा बदल आम्ही कुणालाही कळवला नव्हता. विचारलं तेव्हा बदल नाही असं आम्ही लेखी दिलं, तेही चुकीचं होतं." खाली तिने स्वतःचं पूर्ण नाव घातलं. तेच जसंच्या तसं रुग्णालयाला मेलने पाठवलं आणि मेल कुणी उघडला की नाही या धास्तीने तिथे फोनही लावला. पलीकडची बाई म्हणाली, "हो हो, आत पाठवलंय, बैठक सुरू झालीये." मग करण्यासारखं काही उरलं नाही. मालकांच्या खोलीचं दार उघडलं, ते बाहेर आले, तिच्या टेबलाजवळ थांबले. "उद्या सकाळी बोलू," एवढंच म्हणून निघून गेले. त्याचा अर्थ काय तो ज्याने त्याने समजून घ्यायचा. झटपट तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि न सांगता एकेक आवराआवर उघडून खरं काय होतं ते लिहून काढायला लागला.

ऑफिस सुटायच्या सुमारास फोन वाजला. बेबी.

"काय झालं?" नोंदबाई उठूनच उभी राहिली.

"राहिली नोकरी." बेबीचा आवाज दमलेला होता. "ताकीद दिलीये, बघून एंटर दाबत जा म्हणून. ते बरोबरच आहे. पण तुझं पत्र वाचलं त्यांनी. मोठ्याने वाचलं, सगळ्यांसमोर. त्या मोठ्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, म्हणजे तुम्ही सांगत होता ते खरं होतं."

"सुटले गं बाई." नोंदबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बेबी, माझं चुकलं. काल मी तुला नाही नाही ते बोलले. मी तुझं ऐकायला हवं होतं."

पलीकडे रुग्णालयाच्या ट्रॉलीची चाकं खडखडत गेली.

"वहिनी," बेबी शेवटी म्हणाली, "हे मला फोनवर नको सांगूस. काल तू दादासमोर बोललीस, माझं लक्ष नसेल म्हणून. त्यालाही ते पटलं होतं, मी बघितलं त्याचं तोंड. मी येतेय जेवायला. त्याच्यासमोर बोल."

"बोलते," नोंदबाई म्हणाली.

आणि बोलली. बेबी आत येऊन पर्स खुंटीला अडकवते न अडकवते तोच, ताटं मांडायच्याही आधी, नवऱ्याला टीव्ही बंद करायला लावून ती बोलली. काल मी काय म्हणाले, ते कसं चूक होतं, बेबी काय म्हणत होती आणि ते कसं खरं होतं, सगळं ओळीने. नवऱ्याने मान खाली घातली आणि बहिणीला म्हणाला, "मीही काल गप्प बसायला नको होतं." बेबीने दोघांचंही ऐकून घेतलं.

मग ती उठून स्वयंपाकघरात गेली. "वहिनी," ती आतून ओरडली, "तुझे डबे परत हलवलेस का गं? मीठ कुठे गेलं?"

"खालच्या फळीवर ठेवलंय," नोंदबाई म्हणाली. "सांगायचं राहिलं."